टॅन ९० चा रकाना

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"बाई, नमस्कार. मी चाळीसगावात चौदा वर्षं नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. गेल्या आठवड्यात त्रिकोणमितीचा तक्ता फळ्यावर लिहिताना टॅन ९० च्या रकान्यात मी ∞ काढलं आणि म्हटलं, एक भागिले शून्य म्हणजे अनंत. मला माझ्या सरांनी असंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा उभा राहिला. 'मॅडम, अनंत नावाची संख्याच नसते, मी व्हिडिओत बघितलंय.' तिसऱ्या दिवशी एक मुलगी भावाचा लॅपटॉप घेऊन आली. त्यावर एक भागिले शून्य केलं की चक्क 'इन्फिनिटी' असं उत्तर येतं. आता वर्गात दोन तट पडलेत. त्या मुलाच्या वडिलांचा फोनही येऊन गेला, 'परीक्षेत मार्क गेले तर?' अनंत असतो की नसतो, ते एकदाचं सांगा. आणि माझं चुकलं असेल तर वर्गासमोर कसं कबूल करू, तेही सांगा. शिकवणी घरातलीच आहे, पण गावात जो मान आहे तो तिच्यामुळेच."

ताई,

आधी फोनवाल्या वडिलांचं उरकून टाकू, ते दोन ओळींचं काम आहे. उत्तरपत्रिकेत टॅन ९० पुढे ∞ लिहायचं नाही. पाठ्यपुस्तकात त्या जागी आकडा नाही. किंमत ठरवता येत नाही असंच मुलांनी लिहावं, मार्क कुठे जात नाहीत. वडिलांचं तेवढ्यावर समाधान होईल. तुमचं आणि त्या दोन पोरांचं व्हायला जरा वेळ लागेल.

उद्या वर्गात कॅल्क्युलेटर घेऊन बसा. टॅन ८९ दाबायला सांगा: ५७.२९. टॅन ८९.९: ५७२.९६. टॅन ८९.९९: ५७२९.५८. मुलं म्हणतील, बघा, निघालं अनंताकडे! तुमच्या सरांच्या डोळ्यांसमोरही हेच असणार, आणि यात खोटं काहीच नाही. आता टॅन ९०.०१ दाबायला सांगा. उत्तर येतं उणे ५७२९.५८. नव्वदच्या अलीकडून यावं तर आभाळात आणि पलीकडून यावं तर पाताळात. मग नेमक्या नव्वदवर माणूस कुठे असतो? कॅल्क्युलेटर तिथे 'मॅथ एरर' म्हणून हात वर करतो, आणि त्याचं बरोबर आहे.

त्या मुलीला म्हणावं, लॅपटॉपवर एक भागिले शून्य केलंस, आता त्याच जागी टॅन ९० करून दाखव. तिथे इन्फिनिटी येणार नाही. १६३३१२३९३५३१९५३७० असा सतरा अंकी आकडा येईल. कारण कोन तिथे पायच्या (π) भाषेत द्यावा लागतो आणि लॅपटॉपच्या पोटात पाय पुरा मावत नाही. सोळा-सतरा अंकांनंतर तो तुटतो. म्हणजे त्याने नव्वद अंशांचा नाही, नव्वदला केसभर कमी असलेल्या कोनाचा टॅन दिला. वर्गात एकदा हशा झाला की पुढचं ऐकायला पोरं तयार होतात, हा माझा अनुभव.

आता एक भागिले शून्य, कारण टॅन ९० म्हणजे साइन ९० भागिले कोसाइन ९०, म्हणजे तेच. सहा भागिले दोन म्हणजे काय, तर कशाला दोनाने गुणलं की सहा येतात? तसं एक भागिले शून्य म्हणजे, कशाला शून्याने गुणलं की एक येतो? कशालाच नाही. बरं, हट्टाने म्हटलं की तो 'कशाला' म्हणजे अनंत, तर दोन भागिले शून्यही अनंतच म्हणावं लागेल. मग अनंत गुणिले शून्य एक आणि अनंत गुणिले शून्य दोनही. झालं, एक बरोबर दोन. शाळेतले सगळे नियम जसेच्या तसे ठेवून वर हे उत्तर आत घेतलं, तर सगळं घर बसतं. मुलाचं म्हणणं इथवर खरं.

पण 'अनंत नसतोच' हे तो म्हणाला ते व्हिडिओचं, गणिताचं नव्हे. तुम्ही स्वतः कधी लहान मुलांना शिकवलं असेल तर आठवा. दुसरीत आपण ठामपणे सांगतो, तिनातून पाच जात नाहीत. सहावीत ते जातात आणि वजा दोन उरतात. आपण माफी मागतो का? दुसरीतल्या संख्यांत ते खरंच जात नव्हते. सहावीत आपण संख्यांचं घर वाढवलं. भागाकारासाठी अपूर्णांक आले, दोनाच्या वर्गमुळासाठी अपरिमेय आल्या, बारावीच्या आधी उणे एकाच्या वर्गमुळासाठीही एक खोली बांधली जाते. प्रत्येक वेळी थोडी किंमत मोजावी लागली. वर्गमूळ उणे एकाला आत घेतलं आणि त्या घरात लहान-मोठं ठरवणं गेलं. म्हणून 'अनंत आहे का' असं नुसतं विचारलं तर मी उलट विचारीन, कुठल्या घरात? आणि त्याला आत घ्यायला काय द्यायची तयारी आहे?

तुमच्या गावाला हा प्रश्न नवा नाही, हे मुद्दाम सांगते. पाटणादेवीला तुम्ही शंभरदा गेला असाल. तिथल्या पाटण गावातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळालं, असं त्यात आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी तुमच्या तालुक्यात भास्कराचार्यांच्या गणिताची शिकवणी चालत होती. त्या शिकवणीत टॅन ९० नसेल, पण तीन भागिले शून्य नक्की होतं. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, बीजगणिताच्या भागात, भास्कराचार्यांनी त्या राशीला 'खहर' म्हटलं आहे. ख म्हणजे शून्य, ते ज्याचा हर म्हणजे छेद आहे, ती. आणि पुढे म्हणतात, या राशीत कितीही घाला, कितीही काढा, काही फरक पडत नाही. प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी एवढे जीव आत जातात-बाहेर येतात, तरी अच्युत अनंतात जसा बदल होत नाही तसं.

उपमा फार सुंदर आहे, आणि ∞ + ५ = ∞ हा नियम आजही तसाच लिहितात. पण भास्कराचार्यही शून्याशी जपून होते असं नाही. 'लीलावती'त एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणलं, आलं त्यात त्याचाच निम्मा भाग मिळवला, तिनाने गुणलं, शून्याने भागलं, उत्तर ६३, तर संख्या कोणती? उत्तर १४. गुणलेलं शून्य आणि भागलेलं शून्य त्यांनी एकमेकांत उडवून टाकलं. हे एखाद्या पोराने तुमच्या वर्गात केलं तर तुम्ही लाल शाई काढाल. त्यांच्याआधी ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंच सांगून टाकलं होतं. तेव्हा ताई, या जागी पाय घसरलेल्यांची रांग मोठी आहे आणि त्यात उभं राहायला लाज वाटू नये अशी मंडळी आहेत.

आता तुमच्या ∞ ला घर मिळतं का ते बघू. मिळतं. टॅन ९० चा काटकोन त्रिकोण काढून बघा: पायाशी एक काटकोन, दुसऱ्या टोकालाही काटकोन. दोन्ही बाजू समांतर वर जातात आणि शिरोबिंदू होतच नाही. आता मुलांना चाळीसगाव स्टेशनच्या पुलावर नेऊन रूळ दाखवा. समांतर आहेत, तरी लांबवर एका ठिपक्यात मिळाल्यासारखे दिसतात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये देझार्ग याने तो ठिपका खराच धरून भूमिती मांडली. त्या भूमितीत संख्यारेषेच्या दोन्ही टोकांना एकच बिंदू जोडतात, त्याला ∞ म्हणतात, आणि रेषा वाकून वर्तुळ होते. आभाळ आणि पाताळ तिथे एकच. म्हणून ९०.०१ चा घोटाळाही मिटतो, आणि एक भागिले शून्य बरोबर अनंत हे तिथे बिनचूक विधान ठरतं. किंमत काय? वर्तुळावर कोण आधी, कोण नंतर हे सांगता येत नाही, म्हणून लहान-मोठं गेलं. ∞ अधिक ∞ किती तेही सांगता येत नाही. शून्य भागिले शून्याला तिथेही थारा नाही.

लॅपटॉपचं घर आणखी वेगळं. दशांश संख्या यंत्रात कशा ठेवायच्या याचा एक मानक १९८५ मध्ये ठरला, ७५४ क्रमांकाचा. त्यात दोन अनंत आहेत, अधिकचा आणि उण्याचा, आणि गंमत म्हणजे शून्यंही दोन आहेत. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये एक भागिले शून्य केलं की इन्फिनिटी येतं. एक भागिले वजा शून्य केलं की वजा इन्फिनिटी. अनंत वजा अनंत विचारलं तर 'नॅन' येतं, म्हणजे 'ही संख्याच नाही'. हे इंजिनिअरांनी सोयीसाठी बांधलं, लांबलचक हिशोब मध्येच कोसळू नये म्हणून. पायथन ही भाषा त्याच लॅपटॉपवर चालते, पण एक भागिले शून्य म्हटलं की ती थांबते आणि चूक दाखवते. मुलीला दोन्ही करून बघायला लावा. एकच यंत्र, एकच प्रश्न, दोन उत्तरं. मग 'लॅपटॉप म्हणतो म्हणून' हा पुरावा तिचा तीच मागे घेईल.

पुढचं जरा सावकाश वाचा, कारण तुमच्या वर्गातलं भांडण इथेच अडकलंय. 'अनंत आहे' आणि 'एक भागिले शून्य म्हणजे अनंत' ही एकच गोष्ट समजून दोन्ही तट लढताहेत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अब्राहम रॉबिन्सन याने १९६० च्या दशकात संख्यांची एक प्रणाली उभी केली. तिच्यात १, २, ३... या सगळ्यांपेक्षा मोठ्या संख्या आहेत. त्यातली एक ओमेगा म्हणू. ओमेगा अधिक एक ही ओमेगाहून मोठी, ओमेगा भागिले दोन ही तिच्या निम्मी, तीही अनंतच. एक भागिले ओमेगा इतकी बारीक की कुठल्याही धन अपूर्णांकाहून लहान, पण शून्य नव्हे. भास्कराचार्यांच्या खहरासारखी ती गिळून गप्प बसत नाही. पाच घातले तर पाचाने वाढते. जॉन कॉनवेच्या संख्या याहून अफाट. आणि इतके सगळे अनंत हजर असूनही दोन्हीकडे एक भागिले शून्य निषिद्धच आहे! कारण तिथे शाळेचे बेरीज-गुणाकाराचे सगळे नियम जसेच्या तसे राखलेत, आणि ते राखले की शून्याने भागता येत नाही, हे आपण वर पाहिलं. अनंत असण्या-नसण्याने त्यात फरक पडत नाही. मुलाला हे दाखवलंत तर तो दोन मिनिटं गप्प बसेल बघा.

आमच्या वाड्यात दोन अनंत होते, थोरला अनंता आणि धाकटा अनंता. कुणी 'अनंता आहे का घरी' म्हणत आलं की माझी आजी आतूनच ओरडायची, "कुठला?" गेओर्ग कँटरने १८७४ मध्ये नेमकं हेच विचारलं. त्याचा अनंत म्हणजे रेषेचं टोक नव्हे, ढिगाचं मोजमाप. जोड्या लावून मोजायचं: एकाला दोन, दोनाला चार, तिनाला सहा. सम संख्या आणि सगळ्या संख्या यांच्या जोड्या पुरतात, कुणी उरत नाही, म्हणून दोन्ही ढीग सारखे. विचित्र वाटतं, गॅलिलिओने १६३८ मध्ये वर्गसंख्यांबाबत हेच पाहिलं आणि निष्कर्ष काढला की अनंताला लहान-मोठं लावूच नये. कँटरने लावलं. समजा शून्य ते एक मधल्या सगळ्या दशांश संख्यांची कुणी यादी केली. पहिलीचा पहिला अंक घ्या, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. तो अंक चार असेल तिथे सात लिहा, नसेल तिथे चार. तयार झालेली संख्या यादीतल्या प्रत्येकीहून निदान एका अंकात वेगळी, म्हणजे यादीत नाहीच. यादी कितीही लांब असो. हा थोरला अनंता. ही तिरप्या रेषेची युक्ती १८९१ ची, आणि दहावीच्या मुलाला पंधरा मिनिटांत कळते. मी करून पाहिलंय.

याला त्याच काळात विरोध झाला. क्रोनेकरसारखा बर्लिनचा मोठा गणिती कँटरच्या पाठी हात धुऊन लागला होता. त्याआधी १८३१ मध्ये गाऊसने एका पत्रात बजावलं होतं की अनंत ही पुरी झालेली वस्तू म्हणून वापरायला गणितात परवानगी नाही. ती नुसती बोलायची रीत. तुमच्या मुलाच्या बाजूचे लोक साधेसुधे नाहीत. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: आज गणित ज्या पायावर उभं आहे त्यात 'अनंत संच आहे' हे सिद्ध केलेलं नाही. १९०८ मध्ये झेर्मेलोने ते गृहीतक म्हणून लिहिलं. पटत असेल तर घ्या. बहुतेकांनी घेतलं. काहींनी नाही.

न घेणाऱ्यांत येसेनिन-वोल्पिन हा रशियन गणिती टोकाचा. फार मोठ्या संख्याही त्याला मान्य नव्हत्या. हार्वी फ्रीडमनने त्याची एक आठवण सांगितली आहे. फ्रीडमनने विचारलं, दोनाचा पहिला घात खरा आहे का? लगेच उत्तर, हो. दोनाचा दुसरा? हो, पण किंचित थांबून. तिसरा? आणखी थांबून, हो. असं करत गेल्यावर फ्रीडमनच्या ध्यानात आलं की हा प्रत्येक वेळी हो म्हणणार, पण शंभराव्या घाताला हो म्हणायला पहिल्याच्या मानाने दोनाचा शंभरावा घात इतका वेळ घेणार. एवढा वेळ कुणाकडे आहे? मला ही गोष्ट फार आवडते. अनंत नाकारायचा तर रेघ कुठे मारायची, या पेचाला यापेक्षा हजरजबाबी उत्तर माझ्या ऐकण्यात नाही.

नाकारल्याचा तोटा मात्र होतो. १९४४ मध्ये गुडस्टाइनने साध्या पूर्णांकांच्या एका रांगेबद्दल प्रमेय दिलं. ती रांग आधी भयंकर फुगते, पण शेवटी शून्यावर येतेच. प्रमेयात अनंताचं नावही नाही. सिद्धतेत मात्र कँटरचे अनंत क्रमांक वापरावे लागले, आणि १९८२ मध्ये कर्बी आणि पॅरिस यांनी दाखवलं की नेहमीच्या अंकगणिताच्या नियमांवर हे प्रमेय सिद्ध करताच येत नाही. म्हणून अनंताला मी तरी घरातून काढणार नाही. घ्यायचा की नाही ही निवड आहे हे मात्र लपवणारही नाही.

आता कबुलीचं. "मुलांनो, माझं चुकलं, ∞ खोटं आहे" असं म्हणू नका, कारण ते खरं नाही. "मी म्हणाले तेच बरोबर" असंही नको, कारण तुमच्या फळ्यावर शाळेच्या संख्या होत्या आणि त्यांत ते बसत नाही. एवढंच म्हणा: "मी परवा एक वाक्य सांगितलं आणि त्याचा पत्ता सांगायला विसरले. शाळेच्या संख्यांत एक भागिले शून्याला उत्तर नाही. दुसऱ्या काही घरांत आहे. ती घरं आज बघू." आणि टॅन ९० च्या रकान्यातलं ∞ त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने पुसा. मान जाईल ही भीती मलाही होती. एफ.वाय.च्या वर्गात माझं एक सिद्धतेचं पान चुकलं होतं आणि ते मागच्या बाकावरच्या एका मुलीने दाखवलं. मी आठवडाभर तिच्याशी तुटक वागले. चुकीपेक्षा तेच अजून खुपतं. तुमचा मुलगा व्हिडिओ बघून का होईना, उभा राहिला. त्याला बसवू नका.

त्याला उलट एक काम द्या. फळ्यावर ...९९९९९ लिहा. नऊ डावीकडे संपतच नाहीत. मुलांना वाटेल, हा अनंत. आता त्यात एक मिळवायला सांगा. नऊ आणि एक दहा, शून्य लिहा, हातचा एक. पुन्हा नऊ आणि एक दहा, शून्य, हातचा एक. हातचा डावीकडे पळत राहतो, कुठेच उतरत नाही, आणि मागे नुसती शून्यं राहतात. एक मिळवल्यावर शून्य येतं अशी संख्या कोणती? कुणीतरी दबकत म्हणेल, वजा एक? हो, वजा एक. डावीकडे न संपणाऱ्या अशा संख्यांचं गणित कुर्ट हेन्सेल याने १८९७ मध्ये सुरू केलं. तो दहाऐवजी मूळ संख्यांचा पाया घेतो, कारण दहाच्या पायात दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य येण्याची भानगड होते. पण फळ्यावर गंमत दाखवायला दहाच बरे.

मग त्या मुलाला घरचा अभ्यास म्हणून द्या: ...३३३३३ ला तिनाने गुणलं की ...९९९९९ येतं. तर ...३३३३३ ही कोणती संख्या? लॅपटॉप चालणार नाही म्हणावं, पाटी-पेन्सिल घे. आणि शेजारी त्या मुलीला बसवा.